रस्त्याच्या कडेला काम करणाऱ्यांसाठीचा कायदा उपयोगी पडला की नाही, हे कसे ठरवायचे?

महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यावर एक मोटार बंद पडली आहे. तिच्या मागे पोलिसांची गाडी दिवे लावून उभी आहे आणि टोइंगवाला मोटारीच्या पुढच्या चाकाशी वाकून साखळी अडकवतो आहे. त्याच्या पाठीमागून, हातभर अंतरावरून, ताशी १०० किलोमीटर वेगाने वाहने जात आहेत. या वेगाने वाहन एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. चालकाने तीन सेकंद फोनकडे पाहिले, तर तेवढ्या वेळात त्याची गाडी ८० मीटरांहून अधिक अंतर तोडते, आणि त्या अंतरात समोर कोण वाकलेले आहे हे त्याला दिसलेलेच नसते.

पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी आणि टोइंगवाले यांना या धोक्यापासून वाचवण्यासाठी अमेरिकेत ज्या कायद्यांचा आधार घेतला जातो, ते ‘मूव्ह ओव्हर’ कायदे म्हणून ओळखले जातात. त्यांचा गाभा अगदी साधा आहे. दिवे लुकलुकत असलेले आपत्कालीन वाहन कडेला उभे दिसले, तर त्याच्या लगतची मार्गिका सोडून पलीकडच्या मार्गिकेत जायचे आणि ते सुरक्षितपणे शक्य नसेल, तर वेग कमी करून पुढे जायचे. दक्षिण कॅरोलायना राज्याने असा कायदा १९९६ मध्ये केला, मग एकेका राज्याने तो उचलला, आणि २०१२ मध्ये हवाईने कायदा केल्यावर पन्नासही राज्ये त्याच्या कक्षेत आली. त्यामुळे कायदा असावा की नसावा, हा वाद तिथे केव्हाच संपला आहे. उरलेला प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्याकडे लोकांचे लक्ष फार कमी जाते: या कायद्यामुळे माणसे खरोखर वाचतात का, आणि वाचत असतील तर ते आपल्याला कळणार कसे?

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की ‘मूव्ह ओव्हर कायदा’ असा एकच कायदा नाही. अमेरिकेत रहदारीचे नियम करणे हे राज्यांचे काम असल्याने प्रत्येक राज्याचा मजकूर वेगळा आहे. टेक्सासमध्ये मार्गिका बदलता येत नसेल, तर वेगमर्यादेपेक्षा ताशी २० मैलांनी कमी वेगाने जावे लागते, म्हणजे किती कमी करायचे याचा आकडा कायद्यातच आहे. इतर काही राज्यांत मात्र ‘परिस्थितीला योग्य असा वेग’ एवढेच म्हटलेले आहे. संरक्षण कोणाला, याबाबतही एकवाक्यता नाही. सुरुवातीच्या कायद्यांचा भर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यावर होता. टोइंगची वाहने पुष्कळ ठिकाणी नंतर आली, आणि इलिनॉयने २०१७ पासून तर धोक्याचे दिवे लावून उभ्या असलेल्या कोणत्याही वाहनापर्यंत ही तरतूद वाढवली. फ्लोरिडाने बंद पडलेल्या सामान्य वाहनांचा समावेश २०२४ च्या आरंभी केला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या चालकाला हे सारे बारकावे माहीत असतील, ही अपेक्षा अवास्तव आहे. अभ्यासकाचीही यात अडचण होते, कारण पन्नास राज्यांत एकाच नावाखाली पन्नास निरनिराळ्या गोष्टी चालू असतात.

एखादा कायदा तपासताना मृत्यूंच्या आकड्यांकडे वळण्याआधी, तो ज्या साखळीतून काम करतो ती साखळी नीट मांडून पाहावी, असे मला वाटते. चालकाला कायदा माहीत असला पाहिजे. उभे वाहन त्याला पुरेसे आधी दिसले पाहिजे. शेजारच्या मार्गिकेत जागा असली पाहिजे. त्याने प्रत्यक्ष तसे वागले पाहिजे आणि त्या वागण्यामुळे धडकेची शक्यता कमी झाली पाहिजे. यातील कोणताही दुवा तुटला, तर कायदा पुस्तकात राहतो. पहिला दुवाच किती कच्चा होता, हे २००६ मधल्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले. त्या वेळी ७१ टक्के अमेरिकी लोकांनी या कायद्यांबद्दल काही ऐकलेलेच नव्हते. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामाची तपासणी करणाऱ्या ‘गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये या विषयावर अहवाल दिला, तेव्हाही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी सांगितलेल्या अडचणींत लोकांना कायद्याची माहितीच नसणे ही ठळक होती. दोन मार्गिकांच्या ग्रामीण रस्त्यावर तिसरा दुवा मुळातच नसतो, कारण सरकायला दुसरी मार्गिका नसते आणि समोरून वाहने येत असतात.

या साखळीत एक दुखरी जागा आहे. हा कायदा ज्याच्याशी बोलतो, तो चालक जागा, शुद्धीवर आणि रस्त्याकडे पाहणारा असतो. कडेला उभ्या माणसाला उडवणारा चालक मात्र अनेकदा दारू प्यायलेला, पेंगुळलेला किंवा फोनमध्ये गुंतलेला असतो. इलिनॉयचा कायदा ‘स्कॉट्स लॉ’ या नावाने ओळखला जातो. शिकागो अग्निशमन दलाच्या ज्या अधिकाऱ्याचे नाव त्याला दिले आहे, तो २००० मध्ये एका अपघातस्थळी काम करत असताना मद्यधुंद चालकाच्या गाडीची धडक बसून मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ झालेला कायदा योग्यच आहे, पण त्या रात्री तो अस्तित्वात असता तर त्या चालकाने तो पाळला असता का, याचे प्रामाणिक उत्तर ‘बहुधा नाही’ असेच द्यावे लागेल. याचा अर्थ कायदा निरुपयोगी आहे असा नव्हे. सावध चालकाच्या हातूनही अंदाज चुकतो, आरशाचा धक्का लागतो, शेवटच्या क्षणी गाडी वळवावी लागते, आणि अशा प्रसंगी मधे एक रिकामी मार्गिका असणे म्हणजे चुकीला माफी मिळणे. पण कायद्याचे पालन २० टक्क्यांनी वाढले म्हणजे मृत्यूही २० टक्क्यांनी घटतील, असे सरळ गणित मांडता येत नाही, कारण वागणूक सुधारणारे आणि जीव घेणारे चालक पुष्कळदा वेगवेगळे असतात.

आता मोजणीकडे येऊ. खरी गुंतागुंत इथेच आहे.

अमेरिकेत १९७५ पासून प्रत्येक प्राणघातक रस्ता-अपघाताची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते आणि ती मुख्यतः पोलिसांच्या अपघात-अहवालांवर उभी असते. अहवालाच्या छापील नमुन्यात जे रकाने असतात, तेवढेच पुढे मोजता येते. कडेला उभा असलेला टोइंगवाला मारला गेला, तर तो वाहनाबाहेर होता म्हणून त्याची नोंद सहसा पादचारी म्हणून होते. तो तिथे कामावर होता, त्याच्या गाडीचे दिवे लागलेले होते, त्याने चमकते जाकीट घातले होते, लगतची मार्गिका बंद केलेली होती किंवा नव्हती, यांतले काहीच त्या शब्दात येत नाही. फार तर ते पोलिसाने हाताने लिहिलेल्या वर्णनात असते, आणि हजारो अहवालांतील वर्णने वाचून काढणे हे संगणकाच्या तक्त्यातून आकडा उचलण्याइतके सोपे नसते.

ही उणीव किती मोठी आहे, याचा अंदाज अमेरिकेतील मोटारचालकांच्या मोठ्या संघटनेशी संलग्न असलेल्या एका सुरक्षा प्रतिष्ठानाच्या २०२४ मधील अभ्यासावरून येतो. रस्त्यावर मदत करणाऱ्या तंत्रज्ञांच्या मृत्यूंचा शोध त्यांनी निरनिराळ्या मार्गांनी घेतला. २०१५ ते २०२१ या काळात वाहनाची धडक बसून मरण पावलेले असे १२३ जण त्यांना सापडले, आणि ही संख्या राष्ट्रीय अपघात-नोंदींतून ओळखू येणाऱ्या संख्येच्या जवळजवळ चौपट होती. चारांतले तीन मृत्यू राष्ट्रीय आकडेवारीत असूनही ओळखू येत नसतील, तर त्या आकडेवारीच्या आधारे ‘कायद्यामुळे टोइंगवाल्यांचे मृत्यू घटले’ किंवा ‘घटले नाहीत’ यांपैकी कोणतेही विधान करणे धाडसाचे आहे. कामगारांच्या मृत्यूंची वेगळी सरकारी नोंद ठेवली जाते आणि तिच्या आधारे केलेल्या एका अभ्यासात २०११ ते २०१६ या सहा वर्षांत टोइंग व्यवसायातील १९१ जणांचा मृत्यू झाल्याचे आढळले. दर लाख पूर्णवेळ कामगारांमागे हे प्रमाण वर्षाला सुमारे ४३ होते, तर सर्व खासगी उद्योगांचे मिळून ते ३ च्याही खाली होते. मात्र यात कडेला उभे असताना बसलेल्या धडकांबरोबर व्यवसायातील इतर अपघातही आहेत, म्हणून हा आकडा कायद्याच्या परीक्षेसाठी जसाच्या तसा वापरता येत नाही. ज्या धंद्यात जीव जाण्याचे प्रमाण इतके मोठे आहे, त्या धंद्यातल्या माणसांना पुष्कळ राज्यांत कायद्याचे संरक्षण सगळ्यांत शेवटी मिळाले आणि नोंदीतही ते सहज दिसत नाहीत, हे मला अन्यायाचे वाटते.

मोजणीचे आणखी एक कोडे आहे. अपघातस्थळी अग्निशमन दलाचे मोठे वाहन अनेकदा मार्गिकेत तिरपे उभे केले जाते, म्हणजे मागून कोणी सुसाट आले तर ते त्या अवजड वाहनावर आदळेल आणि पलीकडे काम करणारी माणसे वाचतील. समजा एखादी मोटार खरोखरच त्यावर आदळली. तक्त्यात ही ‘आपत्कालीन वाहनाला धडक’ अशी नोंद होईल आणि धडकांची संख्या एकाने वाढेल. प्रत्यक्षात मात्र ज्यासाठी ते वाहन उभे केले होते, तेच झाले आणि चार माणसे संध्याकाळी घरी गेली. केवळ धडका मोजणाऱ्याला हे अपयश वाटेल. म्हणून वाहनाला बसलेली धडक आणि माणसाला बसलेली धडक या दोन्हींची मोजणी वेगळी ठेवावी लागते.

नोंदी अचूक आहेत असे मानले, तरी छोट्या संख्यांचा प्रश्न राहतो. एखाद्या राज्यात कडेला काम करणाऱ्यांचे सरासरी दोन मृत्यू दरवर्षी होतात असे समजू. रस्त्यावर काहीही बदल झाला नाही, तरी केवळ योगायोगाने साधारण सात वर्षांतून एकदा त्या राज्यात एकही मृत्यू होणार नाही, आणि साधारण सात वर्षांतूनच एकदा चार किंवा त्याहून अधिक मृत्यू होतील. आता राज्यकर्ते कायदा केव्हा करतात ते पाहा. चार मृत्यूंच्या वर्षानंतर, जेव्हा वर्तमानपत्रे भरून येतात आणि अंत्ययात्रांना गर्दी होते, तेव्हा. पुढच्या वर्षी आकडा आपोआप दोनच्या आसपास येतो आणि कायद्याने मृत्यू निम्म्यावर आणले अशी घोषणा होते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात आणि रस्ता-सुरक्षेच्या अभ्यासांत इतकी फसवणूक दुसऱ्या कशानेही होत नसेल. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कायद्याने खरोखर पाव भाग मृत्यू टळले, म्हणजे दहा वर्षांत वीसऐवजी पंधराच झाले, तरी एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. तेव्हा ‘परिणाम सिद्ध झाला नाही’ हे वाक्य ‘परिणाम नाही’ असे वाचण्याची घाई कोणी करू नये.

त्याच काळात बदललेल्या इतर गोष्टी वेगळ्या काढणे हेही किचकट काम आहे. अमेरिकेत रस्त्यांवरील एकूण मृत्यू २००७ मध्ये ४१ हजारांहून अधिक होते आणि २००९ मध्ये ते ३४ हजारांच्या खाली आले. त्या दोन वर्षांत मोठी मंदी आली आणि लोकांचा प्रवास कमी झाला. केंद्र सरकारच्या निधीतून बांधलेल्या महामार्गांवर काम करणाऱ्यांनी ठळक दिसणारे जाकीट घालावे, हा नियमही नोव्हेंबर २००८ मध्ये लागू झाला. याच सुमारास कायदा केलेल्या राज्याने आपल्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना केली, तर घट कायद्याची, मंदीची की जाकिटाची, हे त्याला सांगता येणार नाही. पुढे २०२० मध्ये महामारीमुळे रहदारी बरीच घटली आणि तरीही रस्त्यांवरील मृत्यू वाढले, कारण मोकळ्या रस्त्यांवर वेग वाढला. त्या वर्षाकडे पाहून मूव्ह ओव्हर कायदे अपयशी ठरले असे म्हणणे तितकेच चुकीचे ठरेल.

यातून निघण्याची एक वाट राज्यांच्या वेगवेगळ्या वेळापत्रकाने दिली आहे. १९९६ ते २०१२ या काळात कायदा असलेली आणि नसलेली राज्ये शेजारी शेजारी होती. मंदी दोघांकडे आली, मोटारींचे ब्रेक दोघांकडे सुधारले, कायदा मात्र एकाकडेच होता. कायदा केलेल्या राज्यातील बदलातून न केलेल्या राज्यातील बदल वजा केला, तर उरतो त्यात कायद्याचा वाटा शोधता येतो. पद्धत चांगली आहे, पण तिलाही त्याच अपुऱ्या नोंदी वापराव्या लागतात, आणि आता सर्वच राज्यांत कायदा असल्यामुळे ‘कायदा नसलेले राज्य’ तुलनेला शिल्लक नाही. यापुढची तुलना कायद्याच्या प्रकारांत करावी लागेल: आकडा देणारा कायदा विरुद्ध ‘योग्य वेग’ म्हणणारा, किंवा बंद पडलेल्या सामान्य वाहनांना सामावणारा कायदा विरुद्ध न सामावणारा.

मृत्यू विरळ असतात, पण कडेच्या गाडीजवळून जाणारी वाहने तासाला शेकडो असतात. म्हणूनच वागणुकीचे मोजमाप हा मला यातला सर्वांत आशादायक मार्ग वाटतो. कडेला गाडी उभी करून कॅमेऱ्याने आणि वेगमापकाने नोंदी घ्यायच्या: किती वाहनांनी मार्गिका सोडली, किती जणांनी वेग घटवला, वाहन आणि माणूस यांत किती अंतर राहिले, आणि किती अंतरावरून चालकाने हालचाल सुरू केली. फ्लोरिडातील फ्रीवेंवर असा अभ्यास झाला असून, पोलीस गाडीवरील दिव्यांच्या रंगानुसार चालकांचे वागणे कसे बदलते, हे त्यात तपासले गेले. वर उल्लेखलेल्या २०२४ च्या अभ्यासातही चित्रफिती पाहण्यात आल्या. सुमारे ६४ टक्के चालकांनी मार्गिका बदलली किंवा वेग कमी केला, उरलेल्यांनी यांपैकी काहीच केले नाही. मार्गिका बदलणारे पुष्कळ होते, वेग कमी करणारे फारच थोडे. कायद्यात ‘बाजूला व्हा किंवा वेग कमी करा’ असे दोन पर्याय आहेत, पण चालकांच्या मनात पहिलाच पोचला आहे, ही माहिती मृत्यूंच्या तक्त्यातून कधीच मिळाली नसती. शेजारी जागा नसली की अनेक जण तसेच, त्याच वेगाने पुढे जातात, एवढा बोध त्यातून जागृती-मोहीम आखणाऱ्यांना नक्कीच घेता येतो.

दंडाच्या पावत्यांची संख्या मात्र मोजमाप म्हणून वापरू नये. पावत्या वाढल्या, तर लोक कायदा अधिक मोडतात असा अर्थ होतो की पोलीस अधिक लक्ष देतात असा, हे त्या संख्येतून कळत नाही. शिवाय उल्लंघन सर्वांत जवळून पाहणारा पोलीस त्या क्षणी दुसऱ्या कामात गुंतलेला असतो. त्याला जखमी माणसाला सोडून पाठलाग करता येत नाही. त्यासाठी पुढे दुसरी गाडी उभी ठेवावी लागते, आणि इतके मनुष्यबळ रोज मिळत नाही. इलिनॉयने पहिल्या गुन्ह्याला किमान २५० डॉलर आणि पुढच्याला किमान ७५० डॉलर असा दंड ठेवला आहे. कॅनडातील ओंटारिओत पहिल्या गुन्ह्यालाच ४०० ते २,००० कॅनेडियन डॉलर आणि परवान्यावर तीन दोषांक अशी शिक्षा आहे. रक्कम किती, यापेक्षा पकडले जाण्याची शक्यता किती, यावर चालकाचे वागणे अधिक ठरते, हे रहदारीच्या इतर नियमांतही दिसून आलेले आहे.

कायद्याचे मूल्यमापन करून तो दुरुस्त करण्याचे एक चांगले उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडते. तिथे काही राज्यांनी ‘बाजूला व्हा’ऐवजी ठरावीक वेगाचा नियम केला. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये ताशी २५ किलोमीटर, तर व्हिक्टोरियाने २०१७ मध्ये ४० किलोमीटर ठरवला. यामागचे पदार्थविज्ञान पक्के आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे १०० वरून ४० वर आलेल्या वाहनात पूर्वीच्या ऊर्जेचा सहावा हिस्साही उरत नाही. न्यू साउथ वेल्सने १ सप्टेंबर २०१८ पासून ४० चाच नियम केला, पण तो वर्षभराच्या चाचणीच्या स्वरूपात. महामार्गावर ११० ने जाणाऱ्या चालकाने अचानक ४० वर यायचे, तर मागून येणाऱ्या अवजड ट्रकने काय करायचे, हा प्रश्न तिथे लगेच उभा राहिला. एका माणसाला वाचवण्यासाठी केलेला नियम त्याच्या मागे शंभर मीटरांवर दुसरी टक्कर घडवू शकत होता. चाचणीनंतर, २६ सप्टेंबर २०१९ पासून, नियम बदलला. ८० किंवा त्याहून कमी वेगमर्यादेच्या रस्त्यांवर ४० कायम राहिला, ९० आणि त्यावरच्या रस्त्यांवर परिस्थितीला योग्य इतका वेग कमी करणे, पुरेसे अंतर ठेवणे आणि शक्य असेल तिथे मार्गिका बदलणे बंधनकारक झाले. टोइंग आणि दुरुस्तीच्या वाहनांनाही त्याच वेळी संरक्षण मिळाले. कायदा करतानाच तो तपासण्याची मुदत ठरवली, म्हणून हे घडू शकले. अमेरिकी राज्यांनी यातले काही घ्यावेसे असेल, तर मी आधी ती मुदत घ्या म्हणेन, ४० चा आकडा नंतर पाहता येईल.

अमेरिकेत २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने रस्त्याकडेचे मृत्यू रोखण्यासाठी राज्यांना वेगळे अनुदान देण्याची सोय केली. जनजागृती, अंमलबजावणी आणि पुढे उभ्या असलेल्या वाहनाची सूचना चालकाला आधीच देणारे डिजिटल तंत्र, अशा कामांसाठी तो पैसा वापरता येतो. सूचनेचे तंत्र मला महत्त्वाचे वाटते, कारण वळणापलीकडची गाडी दिव्यांनी दिसत नाही, पण फोनवरच्या नकाशात दिसू शकते. अर्थात ते तपासायचे, तर सूचना मिळालेले आणि न मिळालेले चालक त्याच गाडीजवळून कसे गेले, याची तुलना करावी लागेल. अनुदान देतानाच ही नोंद मागितली, तर खर्च फारसा वाढणार नाही. अपघात-अहवालाच्या नमुन्याचेही तसेच आहे. धडक बसलेली व्यक्ती त्या ठिकाणी कामावर होती का, कोणत्या सेवेत होती, वाहनाबाहेर होती का, दिवे कोणत्या रंगाचे लागले होते आणि लगतची मार्गिका चालू होती का, हे पाच रकाने त्यात हवेत. अहवालाचा नमुना प्रत्येक राज्याचा वेगळा असतो आणि केंद्राचा आदर्श नमुना स्वीकारणे ऐच्छिक आहे, त्यामुळे हे पाच रकाने पन्नास ठिकाणी स्वतंत्रपणे मागावे लागतील.